सीआरपी नॉर्मल आला तरी लघवी तपासा

ताई, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) नवीन आहे तुम्हाला, म्हणून सांगते. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, नॉर्मल दिसला की निर्धास्त होऊ नका. ल्युपस भडकलेला असतानाही तो कमी राहू शकतो. ईएसआर, म्हणजे दाहाचीच दुसरी रक्ततपासणी, तर नुसत्या रक्तक्षयानेही चढतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावलं की व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) वाढतो खरा, पण नेहमीच्या तपासण्यांत डॉक्टर तो सहसा तपासायला सांगत नाहीत. स्वतःहून त्यावर पैसे घालू नका.

लघवी मात्र चुकवायची नाही. प्रथिनं, लाल पेशी आल्या तर मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांना सूज असू शकते. माझं तिथेच सापडलं, पाय सुजायच्या आधी. पाळीत नमुना देऊ नका.

आणि मे महिन्यात भुसावळहून एसटीने तापत जळगावला जाऊन लगेच तपासणीला रक्त देऊ नका. पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, चढतं. तसा आकडा पाहून मी रात्रभर रडले होते!