विचारा तर खरं : पीएच.डी.चा विषय

प्रश्न : ताई, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. वय ३३. पत्रकारितेत एम.ए., ५८ टक्के. एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर नोकरी करते. पीएच.डी.साठी 'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हा विषय ठरवलाय. आधी एम.फिल. करावं लागेल का? आणि नोकरी सांभाळून जमेल का?

उत्तर : एम.फिल. विसर. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२च्या नियमांत ते बंदच केलं. एम.ए.ला ५५ टक्के हवेत ही अट तुला अडत नाही. आता नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दे. नुसत्या पीएच.डी.साठी पात्र ठरलीस तर प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण वर्षभरच चालतात. त्याच परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीला वयाची अट तिशीची, पण बायकांना पाच वर्षं सवलत आहे. महिना ३७ हजार मिळतात, मात्र मग नोकरी सोडावी लागेल. अर्धवेळ करायची तर ऑफिसचं ना-हरकत पत्र हवं, अभ्यासाला वेळ मिळेल असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. संपादकांकडून ते काढणं ही वेगळीच प्रवेशपरीक्षा!

विषयावरून मात्र मी भांडणार. तू दोनशे पोरांना गुगल फॉर्म पाठवशील, ती 'रोज तीन तास मोबाइल'वर टिक करतील, तू पाय चार्ट काढशील. पोरं स्वतःबद्दल काय सांगतात तेवढं कळेल. मोबाइलने त्यांच्यात काय बदललं, ते त्यातून कसं कळणार?

त्यापेक्षा आपल्या गल्लीत बघ ना. माझ्या शेजारच्या आजी मराठी मासिक भिंग लावून वाचतात, सूनबाई हिंदी पेपरात आधी राशिफल उघडते, नातू रील बघत जेवतो. आणि पुण्याच्या आत्याने पाठवलेला मराठी व्हिडिओ तिघं एकाच फोनवर बघतात. अशी पंधरा-वीस घरं घे, जात-येत राहा, कोण काय वाचतं-ऐकतं ते लिहून ठेव. रेकॉर्डिंग विचारूनच कर. जुना धागा हवा असेल तर 'नईदुनिया' १९४७ साली इथेच निघाला आणि राहुल बारपुते हे मराठी गृहस्थ या हिंदी दैनिकाचे अनेक वर्षं संपादक होते. आकाशवाणीच्या मालवी कार्यक्रमातली नंदाजी-भेराजी ही जोडी ऐकलेली मंडळीही अजून भेटतील.

गाइड ठरवण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, चाळ. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा आहे का ते आधी विचार.