‘लुप्त होत चाललेली कला’ म्हणू नका हो!

प्रश्न : ताई, आम्ही तिघं-चौघं मित्र सांगलीत विश्रामबागला एका गच्चीवर महिन्यातनं एकदा छोटी मैफल करतो. पन्नासेक माणसं, सतरंज्या, चहा. स्वतःची गाणी करणारी गिटार-काहोनवाली (काहोन म्हणजे वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) पोरं असतात, लोककलावंतही बोलावतो. निवेदन माझ्याकडं. मागच्या वेळी एका गोंधळी काकांची ओळख ‘लुप्त होत चाललेल्या कलेचे शेवटचे शिलेदार’ अशी करून दिली, टाळ्या पडल्या, पण काका नंतर म्हणाले, "पोरा, या महिन्यात अकरा सुपाऱ्या हायत माझ्या, लुप्त कुठं झालोय?" तेव्हापासनं माईक धरला की घाम फुटतो. ओळख द्यायची तरी कशी?

उत्तर : काकांनी माझं निम्मं काम करून टाकलंय. लग्नसराईत गोंधळाची तारीख मिळवताना आपल्याकडं नाकी नऊ येतात, आणि तुम्ही त्यांच्या फोटोलाच हार घातला की! असो, मीही कमी नाही. एकदा गॅदरिंगला एका शाहिरांबद्दल "यांना ओळखीची गरजच नाही" असं जोरात म्हणाले आणि नाव सांगायचंच विसरले, बिचारे स्वतः माईकवर येऊन सांगून गेले.

खरं तर ओळख कशी द्यायची ते गोंधळातच आहे. सुरुवातीला देवांना आवतण देतात ते आठवा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, नाव घ्यायचं, गाव घ्यायचं, या म्हणायचं, झालं. विशेषणं शोधत बसत नाहीत. शाहीरही कवनाच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफून ठेवतो. आणि आपल्या तोंडातही ही माणसं गावासकटच येतात ना, पसरणीचे शाहीर साबळे, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू. मग तुमच्या गच्चीवर येणाऱ्याचं गाव का खाता?

कार्यक्रमाआधी चहा घेता घेता अर्धा तास बसा त्यांच्याबरोबर. तुम्हाला काय म्हणू हे आधी विचारा, कारण गोंधळी हे समाजाचंही नाव आहे, कुणाला ते अभिमानानं लावायचं असतं, कुणाला नुसतं संबळवादक म्हणलेलं आवडतं, ते त्यांनी ठरवायचं. मग कुणाकडनं शिकलात ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांनी कान कशाला लावायचा ते विचारा, कारण ओळखीचा खरा उपयोग तोच आहे. संबळ म्हणजे जोडीची वाद्यं, एकाचा आवाज बारीक एकाचा भरीव, एवढं एक वाक्य सांगितलं की पुढची दहा मिनिटं लोक दोन्ही आवाज वेगवेगळे शोधत बसतात, बघा करून. धनगरी ओवीवाले आले तर सांगा की सुंबरान म्हणजे देवाचं स्मरण, आणि मधेच गाणं थांबवून ते गोष्ट बोलून पुढं नेतील, तेव्हा संपलं समजून टाळ्या वाजवू नका. आमच्याकडं एकदा तीनदा वाजल्या!

गिटारवाल्या पोरांच्या बाबतीत उलटं होतं, त्यांची ओळख म्हणजे सगळी बँडच्या नावाचीच गंमत. त्याऐवजी शब्द कुणाचे, चाल कुणाची, ते सांगा. आजीकडनं ऐकलेली जात्यावरची ओवी गाणार असतील तर ‘गीत-संगीत आमचं’ असं खपवून घेऊ नका, ओवी पारंपरिक, अमक्या गावच्या आजीकडनं मिळालेली, मांडणी आमची, असं म्हणायला लावा. आणि साथीला मिरजेचा तंबोरा असेल तर तेही सांगा राव! शेजारच्या गावात भोपळ्यापासनं सतार-तंबोरे घडवतात, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्या सांगलीतल्याच निम्म्या लोकांना पत्ता नसतो.

एवढं सगळं दीड मिनिटात बसवा हं. मानधनाचा आकडा मात्र माईकवर नको, आणि क्यूआर कोड ठेवलात तर कलाकाराच्याच खात्याचा ठेवा.

प्रश्न : आमचा कराडला चौघांचा ग्रुप आहे, गिटार, तुणतुणं, हलगी आणि एक गाणारी. तुणतुणं कुणाला ऐकूच येत नाही. काय करावं?
– कराडची वाचक

उत्तर : बहुतेक हलगीला माईक दिला असणार तुम्ही. काढा तो! छोट्या हॉलमध्ये हलगीला माईक म्हणजे बाकीच्यांनी घरी जावं. साऊंड चेकला आधी तुणतुणं आणि गळा एवढंच लावून घ्या, तुणतुण्याच्या लाकडी नळकांड्याजवळ माईक आणा, पण स्पीकरच्या तोंडासमोर नको, शिट्टी मारेल. मग त्या आवाजाला झाकणार नाही इतपतच गिटार वर घ्या. साऊंडवाला सवयीनं उलट क्रमानं जातो, आधी गिटार फुल आणि मग उरलेल्या जागेत बाकीचे, तेव्हा त्याच्याशेजारी तुमच्यातलं कुणीतरी उभं राहा. हलगी शेकायला मात्र बाहेर अंगणात जागा आणि वेळ आधीच मागून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच, कातडं सैल पडतं आणि ऐनवेळी वादक गायब, सगळे शोधतायत, आणि तो मागं पेपर पेटवून बसलेला असतो.