तिसरी बॅच फेकू नकोस

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला. हृदयपेशींच्या दोन बॅचमध्ये औषधाने रिपोलरायझेशन, म्हणजे ठोक्यानंतर पेशीची वीज पूर्ववत होणं, लांबतंय, तिसरीत काहीच होत नाहीये, आणि सगळे म्हणतायत तिसरी सोडून दे. मला रागच आला, तुझ्यावर नाही, पेपरांमध्ये अशी तिसरी बॅच कधी दिसतच नाही म्हणून.

पण तू पानभर औषधाबद्दल लिहिलंस आणि पेशींबद्दल एक ओळ नाही! औषध घालायच्या आधी मिनिटाला किती ठोके होते? लय सारखी होती का? आधी पेशी ओळख, मग औषध.

टर्फेनाडिन माहितीये ना, साधी ॲलर्जीची गोळी, हर्ग चॅनल, म्हणजे हृदयपेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी वाट, अडवायची, त्याने रिपोलरायझेशन लांबून हृदयाची लय जीवघेणी बिघडायची, १९९०च्या दशकाच्या शेवटी बाजारातून गेली. तेव्हापासून हर्गची धास्ती. पण व्हेरापामिल हे रक्तदाबाचं औषधही हर्ग अडवतं आणि तरी तसा घात करत नाही, कारण ते कॅल्शियमचा प्रवाहही अडवतं. म्हणून तर एकट्या चॅनलवर भागत नाही, अख्खी पेशी लागते. यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून आयपीएस पेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशी, केल्या तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. कसले सुटलो! यातून बनलेल्या हृदयपेशी कोवळ्या, गर्भातल्यासारख्या, आयके१, म्हणजे पेशीला शांत ठेवणारा पोटॅशियमचा प्रवाह, कमी म्हणून आपल्याआपण धडधडणाऱ्या, टी-ट्यूब्यूल, म्हणजे पेशीच्या आवरणाच्या आत शिरलेल्या नळ्या, जवळपास नाहीतच, आणि प्रत्येक बॅचचा स्वभाव वेगळा. आधी पेशी ओळख म्हणते ते यासाठी.

मी नाही ओळखल्या. आठ महिने एका कंपाउंडच्या मागे होते. कंट्रोलची, म्हणजे औषध न घातलेली, प्लेट आधी रेकॉर्ड करायचे, औषधाची नंतर, तोवर ती बाहेर थंड झालेली, ठोके मंदावलेले, रिपोलरायझेशन लांबलेलं. माझा सगळा परिणाम म्हणजे थंडी! एका बॅचमध्ये पेशी कमी होत्या म्हणून कंट्रोल आणि औषध एकाच प्लेटवर घेतलं, तिथे फरक दिसेना, आणि तीच बॅच मी खराब म्हणून काढली. तारीख जवळ आली होती, सगळेच तसं करायचे, मी आकडा एकही बदलला नव्हता... हे मी अजूनही स्वतःला सांगते, पटत नाही.

तिसऱ्या बॅचवर डोफेटिलाइड घालून बघ, ते हर्ग नक्की अडवतं. त्यानेही लांबलं नाही तर ती बॅच बहिरी आहे, खुशाल काढ, पण तसं लिहून काढ. लांबलं, तर मग पहिल्या दोन बॅचची चौकशी सुरू कर. आणि बॅच कधी बाद करायची ते औषधाचा डेटा उघडण्याआधी ठरव, नंतर नाही, कितीही घाई असली तरी नाही.

आत्ता मला तिन्ही बॅचचे औषधाआधीचे कच्चे ट्रेस, म्हणजे ठोक्यांचे मूळ आलेख, पाठव. सरासरी नको.