मनमोकळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी रत्नागिरीजवळ सासरी राहून मुंबईतील कंपनीचे काम करते, महिन्यातील एक आठवडा कार्यालयात जावे लागते. घरी मला सगळे मोकळीच समजतात, रात्रीही काम संपत नाही आणि निघायच्या आदल्या दिवशी छाती धडधडते. काय करावे?

उत्तर : ताई, हा तुमचा दुबळेपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयीचा दुरावा आणि घटलेली कार्यक्षमता यांची एकत्र नोंद घेतली, ती रोग म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्यामुळे उपायही आधी कामाच्या रचनेतच शोधावा लागतो. माजघरात बसून काम केले की येणाराजाणारा हाक मारणारच, म्हणून पडवीचा एखादा कोपरा ठरवा आणि सासूबाईंना तुमच्या बैठकांच्या वेळा सकाळीच सांगून ठेवा. माझ्या मते घरातील निम्मी कुरबुर केवळ वेळ ठाऊक नसल्यामुळे होते. संध्याकाळी कोणत्या वेळेनंतर उत्तर मिळणार नाही, हे वरिष्ठांना लेखी कळवा. पावसाळ्यात वीज आणि नेट जाते, हेही त्यात आधीच नमूद करा, म्हणजे प्रत्येक खंडाचा दोष तुम्ही स्वतःकडे घेणार नाही. कोकण रेल्वेने रात्रभर प्रवास केल्यावर त्याच सकाळी महत्त्वाची बैठक ठेवू नका.

धडधड मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा, कारण थायरॉईड किंवा रक्तक्षय यांमुळेही ती होते. उदासी वा निद्रानाश दोन आठवडे टिकल्यास शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.