फक्त एक्सक्लुझिव्ह गेम्सच्या (जे दुसऱ्या कन्सोलवर मिळत नाहीत) जोरावर कमी ताकदीचा कन्सोल नव्या कन्सोलसमोर टिकू शकतो का?

टिकतो, पण नुसत्या गेम्सवर नाही. निन्टेंडोच्या मारिओ कार्ट 8 या रेसिंग गेमचंच बघा ना.

हा गेम 2014 मध्ये निन्टेंडोच्याच वी यू या कन्सोलवर आला, तिथे 80 लाखांच्या वर विकला गेला, म्हणजे ज्यांच्या घरी वी यू होता त्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी तो घेतला, तरी कन्सोल काही वाचला नाही, एकूण विक्री साधारण 1 कोटी 35 लाखांवर अडकली. मग 2017 मध्ये निन्टेंडोने तोच गेम थोडी भर घालून स्विच या नव्या कन्सोलवर टाकला आणि तो 6 कोटींच्या पुढे गेला. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड तर दोन्ही कन्सोलवर एकाच दिवशी आला होता, 3 मार्च 2017 ला, पण त्यासाठी वी यू घ्यायला कोण धावलं?

वी यू म्हणजे नक्की काय हेच लोकांना कळलं नव्हतं, कित्येकांना वाटलं की निन्टेंडोच्या आधीच्या वी या कन्सोलचाच टॅबलेटसारखा कंट्रोलर आलाय. स्विच कोणालाही दहा सेकंदात समजतो, टीव्हीला लावा नाहीतर उचला आणि पलंगावर लोळत खेळा. आतली टेग्रा एक्स1 चिप 2015 ची, सोनीच्या पीएस4 (प्लेस्टेशन 4) पेक्षाही कमजोर, 2020 च्या शेवटी पीएस5 आला तेव्हा तर तुलना करण्यात अर्थच उरला नाही, तरीपण स्विच 15 कोटींच्या वर विकला गेला. माझ्या मते खरी गंमत अशी की तो पीएस5 शी भांडतच नव्हता, खूप जणांनी तो घरातला दुसरा कन्सोल म्हणून घेतला. त्यात मार्च 2020 मध्ये ऐन लॉकडाऊनच्या तोंडावर अ‍ॅनिमल क्रॉसिंग हा गेम आला, ते मात्र निव्वळ नशीब म्हणा.

उलटं उदाहरण हवं असेल तर सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल. शेनमू, जेट सेट रेडिओ, सोनिक अ‍ॅडव्हेंचर, गेम्सना तोटा नव्हता. पण ईए या बड्या गेम कंपनीने एकही गेम दिला नाही, सेगाकडे पैसा उरला नव्हता आणि समोरून पीएस2 आला जो वर डीव्हीडी प्लेअर पण होता. जानेवारी 2001 मध्ये सेगाने कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि नंतर सेगाचाच हिरो सोनिक चक्क निन्टेंडोच्या गेमक्यूबवर दिसला (तेव्हाच्या सेगा फॅन्सना काय वाटलं असेल विचार करा).

आणि नुसती ताकद असूनही भागत नाही हं, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स कागदावर पीएस5 पेक्षा तगडा आहे पण विक्रीत एक्सबॉक्स मागेच.

कमी ताकदीची किंमत मात्र मोजावी लागते. 2022 चे पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट स्विचवर इतके अडखळायचे की बघवत नव्हतं, तरी पहिल्या 3 दिवसांत 1 कोटी प्रती खपल्या! पोकेमॉनला हे माफ होतं, दुसऱ्या कोणाचा गेम असता तर लोकांनी दुकानात परत नेऊन आपटला असता. त्यामुळे कमी ताकदीचा हा डाव निन्टेंडोला जमला म्हणून दुसऱ्या कंपनीला जमेल असं मी तरी म्हणणार नाही, घरचे स्टुडिओ आणि तीस-चाळीस वर्षं जुनी कॅरेक्टर्स हाताशी लागतात. आणि निन्टेंडोलाही शेवटी जून 2025 मध्ये जास्त ताकदीचा स्विच 2 काढावाच लागला, सोबत पहिल्याच दिवशी कोणता गेम दिला? नवीन मारिओ कार्ट.