वाचक विचारतात: व्हिएतनामचा पलंग, कंबोडियाचं जंगल आणि अमेरिकेचं कलम ३०१

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की अमेरिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये व्हिएतनामविरुद्ध एकाच दिवशी दोन चौकश्या लावल्या, एक चलनाचा भाव मुद्दाम पाडल्याची आणि दुसरी चोरट्या लाकडाची. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पाच प्रश्न निवडलेत.

प्रश्न: मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. चलन आणि लाकूड यांचा एकमेकांशी संबंध काय? आणि डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) असताना अमेरिका परस्पर चौकशी कशी काय लावते?

संबंध एवढाच की दोन्हीकडे तक्रार एकच आहे, माल स्वस्त पडतोय पण तो स्वस्तपणा खरा नाही. चलनाच्या केसमध्ये म्हणणं असं की डाँग, म्हणजे व्हिएतनामचं चलन, मुद्दाम स्वस्त ठेवल्यामुळे व्हिएतनामचे बूट, टायर, टेबलं सगळंच अमेरिकेत स्वस्तात पोचतं, आणि लाकडाच्या केसमध्ये म्हणणं असं की दुसऱ्या देशाच्या जंगलातून चोरून तोडलेलं लाकूड वापरलं की फर्निचरवाल्याचा कच्चा माल फुकटच्या भावात पडतो. २ ऑक्टोबर २०२० ला रॉबर्ट लाइटहायझर यांनी, म्हणजे तेव्हाचे अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी, दोन्ही जाहीर केल्या. ट्रम्प यांची पहिली टर्म संपत आली होती.

आता कलम ३०१. हे अमेरिकेच्या स्वतःच्या १९७४ च्या ट्रेड अॅक्टमधलं कलम आहे, डब्ल्यूटीओचं नाही. त्यात व्यापार प्रतिनिधीचं ऑफिस स्वतःच चौकशी लावतं, सुनावणी घेतं, निष्कर्ष काढतं आणि वाटलं तर आयातकर लावतं. तक्रारदार पण तेच आणि न्यायाधीश पण तेच, म्हणून जगभर या कलमाला लोक वैतागलेत. २०१८ मध्ये चीनवर जे टॅरिफ बसले ते याच कलमाखाली. आणि आपल्यालाही हे नवीन नाही, १९८९ मध्ये जपान आणि ब्राझीलसोबत भारताचं नाव ‘सुपर ३०१’, म्हणजे याच कलमाच्या कडक आवृत्तीच्या, यादीत टाकलं होतं तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. २०२० मध्ये गुगल-फेसबुकसारख्या कंपन्यांवरच्या आपल्या २ टक्के डिजिटल करावरही हीच चौकशी बसली होती. पेपरात विचारलं तर हे दोन्ही मुद्दे नक्की लिही.

प्रश्न: मी सांगलीचा, बँकेतून रिटायर. डाँग ‘मुद्दाम स्वस्त’ ठेवला म्हणजे नेमकं काय केलं? बाजारात डॉलर तर आपली रिझर्व्ह बँकही घेते, मग आपणही चोर का?

काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. एक्स्पोर्ट जोरात असलं की देशात डॉलर खूप येतात, डॉलर खूप आले की स्थानिक चलन महाग व्हायला लागतं, आणि ते महाग झालं की एक्स्पोर्टवाल्यांची बोंब सुरू होते. अशा वेळी मध्यवर्ती बँक स्वतःचं चलन देऊन बाजारातले डॉलर उचलते, त्याने भाव जागेवर राहतो आणि गंगाजळी फुगते. व्हिएतनामची स्टेट बँक, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, रोज सकाळी एक मधला दर जाहीर करायची आणि त्या काळात त्याच्या खाली-वर ३ टक्क्यांतच व्यवहार चालायचे, एका डॉलरला साधारण २३ हजार डाँग असा भाव बरीच वर्षं फारसा हललाच नाही.

अमेरिकेच्या अर्थखात्याच्या तेव्हा तीन कसोट्या होत्या. अमेरिकेशी व्यापारात २० अब्ज डॉलरच्या वर वरकड (म्हणजे विक्री खरेदीहून तेवढी जास्त), चालू खात्यात, म्हणजे सगळ्या जगाशी मिळून, जीडीपीच्या २ टक्क्यांवर वरकड, आणि वर्षभरात जीडीपीच्या २ टक्क्यांवर परकीय चलनाची खरेदी, तीही बारापैकी किमान सहा महिन्यांत. तिन्ही लागू झाल्या म्हणून १६ डिसेंबर २०२० ला व्हिएतनाम आणि स्वित्झर्लंड दोघांवर ‘करन्सी मॅनिप्युलेटर’ चा शिक्का बसला. आणि काका, त्याच रिपोर्टमध्ये भारत नजर ठेवायच्या यादीत होता! तीनपैकी दोन कसोट्यांत आपण सापडलो होतो, कारण जून २०२० पर्यंतच्या वर्षात रिझर्व्ह बँकेने ६४ अब्ज डॉलर निव्वळ विकत घेतले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपलं नाव त्या यादीतून निघालं.

मला स्वतःला ही चलनाची केस कच्ची वाटते आणि ते मी स्पष्टच लिहितो. व्हिएतनामसारख्या देशाने डॉलर साठवले तर त्यात संकटाच्या दिवसांची भीतीही असते, १९९७ मध्ये थायलंडची गंगाजळी कशी आटली आणि त्यांचं चलन बात कसं कोसळलं हे त्यांच्या शेजारीच घडलं होतं, आपणही १९९१ मध्ये सोनं गहाण टाकलंय. हे डॉलर व्यापारात फायदा उपटायला घेतले की स्वतःला सावरायला हे आकड्यांवरून ठरत नाही, आणि कायद्यात तर हेतू हाच मुख्य मुद्दा आहे. दुसरं म्हणजे शिक्का दोघांवर बसला पण कलम ३०१ ची चौकशी फक्त व्हिएतनामवर, स्वित्झर्लंडवर नाही. स्विस बँकेने तर त्या वर्षी १०० अब्ज फ्रँकच्या वर परकीय चलन घेतलं होतं! हा न्याय मला पटत नाही.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. आमच्या बेडरूमच्या पलंगावर ‘मेड इन व्हिएतनाम’ लिहिलंय. तुमचं वाचल्यापासून झोप लागत नाहीये. तो चोरीच्या लाकडाचा असेल का?

ताई, आधी शांत व्हा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हिएतनामी फर्निचरमध्ये बरंचसं लाकूड लागवडीचं असतं, अकेशिया म्हणजे आपल्याकडच्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या जातीचं, नाहीतर रबराच्या मळ्यातलं, झाडाचा चीक आटला की ते कापून त्याच्या फळ्या करतात. शिवाय व्हिएतनाम चक्क अमेरिकेतून ओक आणि पॉप्लर आयात करतो आणि फर्निचर करून परत पाठवतो, त्यामुळे तुमच्या पलंगाचं लाकूड तुमच्याच बाजूच्या राज्यातलंही असू शकतं.

भानगड आहे ती जंगली, जड, गडद लाकडाची. व्हिएतनामने स्वतःच्या नैसर्गिक जंगलातली तोड जवळपास बंद केली, २०१६ मध्ये तर मध्य भागातल्या पठारांवरचं जंगल तोडीला पूर्ण बंद असं जाहीर केलं, चांगलंच केलं, पण कारखाने तर वाढतच गेले, मग लाकूड येणार कुठून? कंबोडियातून, लाओसमधून, आफ्रिकेत कॅमेरूनमधून. कंबोडियाने २०१६ च्या सुरुवातीला व्हिएतनामकडे लाकूड पाठवायलाच बंदी घातली होती, तरी एन्व्हायर्न्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या लंडनच्या संस्थेने २०१७ मध्ये पुराव्यासकट मांडलं की कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतातल्या राखीव जंगलांतून सुमारे ३ लाख घनमीटर लाकूड सीमेपलीकडे ग्या लाई प्रांतात गेलं, आणि तिथल्या प्रांतीय सरकारने त्यासाठी चक्क कोटे ठरवून दिले होते. म्हणजे रात्री लपूनछपून नाही, कस्टमचा शिक्का मारून, कर भरून, राजरोस. पलीकडे गुन्हा असलेलं लाकूड अलीकडे पावती घेऊन कायदेशीर झालं.

तुम्ही जिथे राहता तिथे यावर चांगला कायदा आहे. लेसी अॅक्ट, मूळ १९०० सालचा, शिकारीच्या मालासाठी केलेला, २००८ मध्ये त्यात लाकूडही आणलं. आयात करणाऱ्याला झाडाचं शास्त्रीय नाव आणि ते कोणत्या देशात तोडलं हे लिहून द्यावं लागतं, फर्निचर कुठे बनलं ते वेगळं आणि झाड कुठे पडलं ते वेगळं. एका मोठ्या फ्लोअरिंग कंपनीला या कायद्याखाली १.३ कोटी डॉलरहून जास्त दंड बसला होता. पुढचा पलंग घेताना दुकानदाराला एकच विचारा, झाड कुठलं. त्याला माहीत नसलं तर त्याने कंपनीला विचारावं, असे दहा लोकांनी विचारलं की कंपनी जागी होते.

प्रश्न: नाशिकला आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, थोडं एक्स्पोर्टही करतो. शेवटी टॅरिफ लागला की नाही ते सांगा, आणि आमच्यासाठी त्यात काय?

नाही लागला. डिसेंबरच्या शेवटी ऑनलाइन सुनावण्या झाल्या, त्यात अमेरिकेतल्याच बूट, कपडे, फर्निचर आणणाऱ्या संघटनांनी टॅरिफला कडकडून विरोध केला, कारण पैसे त्यांच्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार होते. १५ जानेवारी २०२१ ला चलनाच्या केसमध्ये व्हिएतनामचं वागणं गैर असल्याचा निष्कर्ष आला, पण कारवाई काहीच नाही, पाच दिवसांनी बायडेन आले. जुलै २०२१ मध्ये दोन्ही देशांत चलनाबद्दल समझोता झाला, व्हिएतनामने दर हळूहळू मोकळा सोडायचं आणि माहिती उघड करायची कबूल केलं. १ ऑक्टोबर २०२१ ला लाकडाचाही करार झाला.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, फर्निचरवर टॅरिफ नंतर आलाच, पण वेगळ्या कलमाने. १४ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेने गादी लावलेलं लाकडी फर्निचर आणि किचन कॅबिनेट यांच्यावर २५ टक्के लावला, त्यात तुमचा माल कुठे बसतो ते सीएचएकडून (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाकडून) आत्ताच तपासून घ्या. दोन, शिसम किंवा शिसवीचं काम करत असाल तर ती झाडं २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, लाकूड कुठून आलं याचे कागद लागतातच, हस्तकलेच्या एक्स्पोर्टवाल्यांसाठी ‘वृक्ष’ सर्टिफिकेट त्यासाठीच आहे. वखारवाल्याकडून बिल घेताना टीपीची, म्हणजे वन खात्याच्या वाहतूक परवान्याची, झेरॉक्स मागून फाइलला लावा.

प्रश्न: मी गडचिरोलीत वनपाल होतो, आता निवृत्त. आमच्याकडे ओंडक्यावर खात्याच्या शिक्क्याचा हातोडा मारल्याशिवाय आणि टीपी असल्याशिवाय गाडी नाक्यावरून सुटत नाही. तिकडे असं काही नाही का? आणि जप्त केलेल्या लाकडाचं ते काय करतात?

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी हे सदर लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल, कारण अमेरिका-व्हिएतनामच्या त्या लाकडाच्या करारात नेमकी तीच अट आहे.

व्हिएतनाममध्येही परवाने आहेत, पॅकिंग लिस्ट असते, वन खात्याचा शिक्का असतो. युरोपियन युनियनशी त्यांनी २०१८ मध्ये लाकडाचा करार केला आणि त्यासाठी ३० ऑक्टोबर २०२० पासून एक नवा नियम लागू केला, कोणत्या देशातून आणि कोणत्या जातीचं लाकूड आलंय त्यावरून धोका ठरवायचा आणि जास्त धोका असेल तर तोडीच्या मूळ देशाचा पुरावा मागायचा. तोवर सीमेवर कस्टमची पावती असली की प्रश्न मिटत होता, झाड तोडण्याचा हक्क कुणाला होता हे विचारायची पद्धतच नव्हती. तुमच्या भाषेत सांगायचं तर टीपी बघायचे पण खोडावरचा हातोडा बघायचा नाही.

आणि जप्तीचं लाकूड. ते लिलावात विकलं जायचं, आणि लिलावाची पावती हातात आली की तेच लाकूड शंभर टक्के शुद्ध! ज्याची गाडी पकडली त्यानेच दुसऱ्या नावाने बोली लावायला काय हरकत, आणि एकदा ती पावती मिळाली की तिच्या आडून आणखी तीन गाड्या काढायला काय हरकत. तुम्ही डेपोत उभं राहून लिलाव बघितलेत, तुम्हाला मी काय सांगणार. म्हणून २०२१ च्या करारात व्हिएतनामने लिहून दिलं की जप्त लाकूड व्यापाराच्या साखळीत येऊच द्यायचं नाही, आणि देशातल्या तोडीचीही तपासणी करायची, मग माल अमेरिकेला जावो की गावातल्या सुताराकडे. सीमेवर ज्या देशांतून धोका जास्त त्यांच्या कस्टमबरोबर मिळून काम करायचं हेही त्यात आहे. मला हा भाग मनापासून आवडतो. कलम ३०१ ची दादागिरी मला पटत नसली तरी ही अट कुणीतरी लाकडातलं कळणाऱ्याने घातलीय.

पण सीमेच्या पलीकडे बघणारा माणूस लागतोच, आणि तिथे फार वाईट घडलंय. कंबोडियात चुट वुटी नावाचा एक माणूस होता, गावकऱ्यांना गोळा करून जंगलात गस्त घालायचा, चोरट्या तोडीचे फोटो काढायचा. २६ एप्रिल २०१२ ला कोह काँग प्रांतात दोन पत्रकारांना सोबत घेऊन तो जंगलात गेला आणि तिथेच त्याला गोळी घालून मारलं. तुमच्या खात्यातल्या लोकांना हे वाचून परकं वाटणार नाही.

काका, एक विनंती. जप्त मालाचं मोजमाप तुम्ही कसं करायचात, गोलाई कुठे धरायची, ओंडक्यांवर नंबर कसे टाकायचे, लिलावाआधी डेपोत माल बदलू नये म्हणून काय काळजी घ्यायचात, हे सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात तुमच्याच शब्दांत छापतो.