रॉयल एनफील्डच्या बीएस-३ (जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या) हिमालयनला मोकळा सायलेन्सर आणि उघडा कोन फिल्टर लावला. आता थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात, अर्ध्यावर गाडी अडखळते. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) किती मोठा टाकू?

मेन जेटला एवढ्यात हात लावू नका. तो खऱ्या अर्थाने कामाला येतो पाऊण थ्रॉटलच्या पुढे, आणि तुमचा त्रास त्याच्या खालचा आहे. गाडी लीन चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, पण आधी इनटेकचं रबर आणि सायलेन्सरचं गॅस्केट तपासा. तिथून हवा ओढली जात असेल तरी असेच फटाके वाजतात, आणि लोक उगाच जेट बदलत बसतात.

ते ठीक असेल तर इंजिन गरम करून पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) अर्धा-अर्धा आटा फिरवत आयडलिंग सर्वात स्थिर कुठे होतं ते बघा. तीन आट्यांहून जास्त उघडावा लागला तर पायलट जेट एक नंबर मोठा घ्या. अर्ध्या थ्रॉटलचं अडखळणं कार्ब्युरेटरमधल्या सुईचं. सुईला उंची बदलायच्या खाचा नसतील तर सुईखाली पातळ वॉशर टाकून ती थोडी वर घ्या.

मेन जेट सगळ्यात शेवटी, एकेक नंबर वाढवत. फुल थ्रॉटलला पळवून क्लच दाबा, तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पांढराफटक म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

खरं सांगू? सीव्ही (इंजिनच्या ओढीवर स्लाइड वर-खाली होणाऱ्या) कार्ब्युरेटरवर उघडा फिल्टर म्हणजे डोकेदुखी. मी तर मूळचा एअरबॉक्सच (फिल्टरची बंद पेटी) परत बसवेन. आणि लेहला जाणार असाल तर ३,५०० मीटरवर हवा विरळ, इथे नीट बसवलेली गाडी तिथे रिच होते. जुने जेट सोबत ठेवा.